पहिल्यांदाच स्कूबा, फेब्रुवारीत हॅवलॉक: तयारी कशी करू?

पेठेतली (३ नोव्हेंबर, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. फेब्रुवारीत आम्ही तिघं अंदमानला चाललोय, मी, नवरा आणि माझी भाची. भाची २४ वर्षांची, तिने हॅवलॉकला (नाव आता स्वराज द्वीप झालंय पण फोन केला तर समोरचा हॅवलॉकच म्हणतो) ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा, म्हणजे पाठीवरच्या हवेवर श्वास घेत पाण्याखाली उतरायचा, पहिला कोर्स) करायचं ठरवलं, मावशी तू पण चल म्हणाली आणि मी हो म्हटलं. हो म्हटल्यापासून रात्री पडलं की डोक्यात तेच.

माझी परिस्थिती सगळी सांगते म्हणजे सल्ला नीट देता येईल. वय ४६. बीपीची एक गोळी रोज, तीन वर्षं झाली, बीपी आटोक्यात आहे. चष्मा दोन्ही डोळ्यांना उणे चार. पोहायला मामाच्या विहिरीत शिकले, पाठीला डबा बांधून, त्यामुळे पाण्याची भीती नाही, पण पाण्याखाली श्वास घ्यायचा हे शरीराला पटतच नाहीये. आणि सगळ्यात मोठी काळजी कानाची. विमान उतरताना माझा डावा कान दर वेळी दुखतो, मग दहा मीटर पाण्याखाली काय होईल?

कोर्स करावा की नुसती एक हौसेची डाइव्ह करावी, तिथे भरायच्या तब्येतीच्या फॉर्ममध्ये बीपीचं लिहायचं की नाही (ऑफिसमधली एक जण म्हणाली लिहूच नको, उगाच अडवतात), मास्क विकत घ्यावा का, आणि पुण्यात बसून या तीन महिन्यांत काय काय करता येईल? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

तळाशी (४ नोव्हेंबर, सकाळी ६:१५)

ताई, मी मूळचा चिपळूणचा, सहा सीझन हॅवलॉकला शिकवतोय. आधी एक गोष्ट, मग बाकीचं. फॉर्ममध्ये सगळं खरं लिहा. मैत्रिणीचा सल्ला अजिबात ऐकू नका. तो फॉर्म तुम्हाला अडवण्यासाठी नाही, खाली तुमच्याबरोबर जो माणूस असतो त्याला तुमच्याबद्दल काय माहीत असायला हवं त्याची ती यादी आहे. दमा, कानाचं ऑपरेशन, फिट येणं, हृदयाचा त्रास, मधुमेह, गरोदरपण, बीपी हे सगळं त्यात विचारतात, आणि पंचेचाळिशीच्या पुढच्यांना तर बीपी-कोलेस्टेरॉलचे वेगळे प्रश्न आहेत. एखाद्या उत्तराला 'हो' आलं की डॉक्टरची सही लागते, एवढंच. ही सही पुण्यातच घेऊन या. दर सीझनला कोणीतरी उत्साहात येतं, इथे फॉर्म भरताना 'हो' येतं, मग बेटावर डॉक्टर शोधत फिरावं लागतं आणि सुट्टीचे दोन दिवस जातात, खूप वाईट वाटतं बघून.

कोर्स की एक डाइव्ह? हौसेच्या डाइव्हला पोहता यायची गरज नसते, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो, मर्यादा १२ मीटर. पण त्यात तुम्ही प्रवासी असता. ओपन वॉटरमध्ये तीन-चार दिवस जातात, उथळ पाण्यात स्किल्स होतात, मग समुद्रात चार डाइव्ह, आणि शेवटी १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरायचं कार्ड मिळतं. तुम्ही इतके बारीक प्रश्न विचारताय म्हणजे तुम्हाला कोर्सच आवडेल असं माझं मत. जे माणूस काळजी करतं ते शिकतं नीट.

पोहायची परीक्षा म्हणजे २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, कुठलाही स्ट्रोक चालतो, आणि १० मिनिटं कशालाही न धरता तरंगायचं. २५ मीटरच्या टँकमध्ये आठ फेऱ्या. आजपासून आठवड्यात तीनदा गेलात तरी जानेवारीपर्यंत आरामात होईल. थिअरी ऑनलाइन घरी करून या, म्हणजे इथे येऊन खोलीत व्हिडिओ बघत बसावं लागणार नाही.

सह्यभटका (४ नोव्हेंबर, दुपारी १:०५)

पेठेतली ताई, अभिनंदन! मी स्कूबा केलेलं नाही पण गेली वीस वर्षं प्राणायाम करतो. तुम्ही आत्तापासून अनुलोम-विलोम आणि कुंभक सुरू करा, श्वास रोखायची क्षमता वाढली की पाण्याखाली घाबरायला होणार नाही असं वाटतं.

तळाशी (४ नोव्हेंबर, दुपारी २:५०)

सह्यभटका दादा, तुमचा हेतू चांगला आहे आणि प्राणायामाचा फायदा होतोच, पण कुंभकाबद्दल इथे लिहिलंच पाहिजे कारण हा गैरसमज फार जणांना असतो. स्कूबात श्वास कधीही रोखायचा नाही. कधीही म्हणजे कधीही. पहिला नियम तोच. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, तिथे भरून घेतलेली हवा तुम्ही छातीत अडवून वर आलात तर ती वर येता येता दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुस फाटू शकतं. हे दोन-चार मीटरवरूनही होऊ शकतं, कारण वरच्या थरातच दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो. म्हणून रेग्युलेटर (श्वास घ्यायला तोंडात धरतात तो) तोंडातून काढलेला असेल त्या क्षणीसुद्धा आम्ही 'आ' करत बारीक बुडबुडे सोडायला लावतो.

उपयोगी पडतो तो लांब रेचक, म्हणजे सावकाश श्वास सोडणं. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, मधे थांबा नाही. याने हवा पण पुरते आणि छातीतली धडधड पण उतरते. ताई, कुंभक सोडून हेच करा रोज दहा मिनिटं.

सह्यभटका (४ नोव्हेंबर, दुपारी ३:२०)

हे मला खरंच माहीत नव्हतं. बरं झालं लिहिलंत, माझ्या सल्ल्याने कोणाचं नुकसान झालं असतं. धन्यवाद.

कानाचा_डॉक्टर (४ नोव्हेंबर, रात्री ९:३०)

नाक-कान-घसा तज्ज्ञ आहे, स्वतः हौशी डायव्हर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून नाकाच्या मागे एक बारीक नळी उतरते. बाहेरचा दाब वाढला की या नळीतून आत हवा जायला हवी, नाहीतर पडदा आत ओढला जातो, तेच दुखणं. पृष्ठभागावर दाब १ बार (बार हे दाबाचं माप), १० मीटरवर २, २० मीटरवर ३. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो आणि पुढच्या दहात फक्त दीडपट. लोकांना वाटतं जितकं खोल तितकं कान जास्त दुखणार, खरं तर त्रास होतो तो पहिल्या तीन-चार मीटरमध्येच, तिथे हळू गेलं की पुढे सहसा सोपं जातं.

नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, किंवा नाक धरून आवंढा गिळायचा. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. बोटीवरच एकदा करा, डोकं पाण्याखाली गेलं की करा, मग दर अर्ध्या-एक मीटरला करत राहा. दुखेपर्यंत थांबलं की नळीचं तोंड दाबाने मिटून बसतं आणि मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही. जोरात फुंकणं तर धोक्याचंच, त्याने आतल्या कानाला इजा होऊ शकते. अशा वेळी एक मीटर वर यायचं, परत करायचं. पाय खाली डोकं वर अशा स्थितीत, दोरीला धरून उतरलं की बहुतेकांना जमतं.

पेठेतली, विमानात एकच कान दुखतो म्हणताय तर जायच्या आधी तपासून घ्याच. पडदा, नाकाचा पडदा वाकडा आहे का, ॲलर्जी आहे का, सगळं पाहता येतं. आणि घरी आरशासमोर दिवसातून पाच-सहा वेळा नाक धरून आवंढा गिळायचा सराव करा, दोन्ही कानांत 'टक्' ऐकू आलं पाहिजे.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करायचे थेंब घालून उतरायचा मोह होतो, पण थेंबांचा असर खाली असताना उतरला तर वर येताना हवा अडकते, आणि ते जास्त वाईट कारण हवा संपत आली की वर तर यावंच लागतं. बीपीचं तुमच्या फिजिशियनशी बोला, गोळीचं नाव घेऊन, ईसीजी वगैरे काय लागेल ते ते ठरवतील. इथे वाचून कोणीही गोळी बंद किंवा चालू करू नये.

निळाई (५ नोव्हेंबर, सकाळी ११:१०)

डॉक्टरांनी सर्दीचं लिहिलंय त्यावर माझा अनुभव सांगते. तीन वर्षांपूर्वी, हनिमूनला, कुठे ते लिहीत नाही. आदल्या दिवशी नाक थोडं चोंदलं होतं. पैसे भरलेले, नवरा तयार, बोट निघालेली, मला वाटलं आता नाही म्हटलं तर सगळ्यांचा मूड जाईल. दोन मीटरवर कान दुखला, मी कानाकडे बोट दाखवलं, बरोबरच्या माणसाने मला जरा थांबवलं आणि परत खाली नेलं, मी हाताने 'थांब' म्हणाले नाही कारण त्यात व्हिडिओ पण चालू होता. साधारण पाच मीटरला एकदम आत काहीतरी गरम झाल्यासारखं वाटलं. वर आल्यावर मास्कमध्ये नाकातून आलेलं रक्त होतं. पुढे तीन आठवडे त्या कानाने फोन ऐकता येत नव्हता आणि परतीचं विमान तर मी आयुष्यात विसरणार नाही.

आता बराय कान. पण पेठेतली ताई, तुम्हाला मनापासून सांगते, कितीही पैसे भरलेले असोत, कोणीही वाट बघत असो, नको वाटलं तर नको म्हणा. कारण सांगायची पण गरज नाही.

तळाशी (५ नोव्हेंबर, सकाळी ११:४५)

निळाई, वाचून वाईट वाटलं. कोणताही डायव्हर कोणत्याही क्षणी, कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतो, हा अलिखित नाही, शिकवला जाणारा नियम आहे. चांगल्या डाइव्हच्या दुकानात हे पहिल्याच दिवशी सांगतात. ताई, बुकिंग करताना फोनवर विचारा, पहिल्या दिवशी कान मोकळा झाला नाही तर काय करता? 'काही होत नाही मॅडम, सगळ्यांचं होतं' असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन करा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी, बोटीवर ऑक्सिजन असतो का, हे पण विचारा. पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या हॉस्पिटलात दाबाचं चेंबर (डाइव्हनंतर अंगात बुडबुडे झाले तर उपचाराला) आहे, तिथे न्यायची सोय कशी करता हे विचारलं तर खऱ्या दुकानदाराला राग येत नाही, बरं वाटतं.

मस्कतवासी (५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००)

मी इथे ओमानला दमानियात बेटांजवळ शिकलो, माझा नंबर पण उणे साडेतीन. चष्म्यावर मास्क बसत नाही, दांड्यांमधून पाणी येतं. पॉवरची काच बसवलेले मास्क मिळतात, अर्ध्या अर्ध्या नंबरच्या टप्प्यात. पाण्याखाली वस्तू तशाही सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात, त्यामुळे पाव-अर्धा नंबर इकडेतिकडे चालून जातो. बाकी वेटसूट, बीसीडी (हवा भरायचं जाकीट), रेग्युलेटर, फिन्स (पायातले पंख) सगळं भाड्याने घ्या, पण मास्क स्वतःचा घ्या. घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा, हात सोडा, मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. केसाची एक बट जरी आत राहिली तरी गळतो. आणि नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून तीन-चार वेळा चोळून काढा, नाहीतर सगळी डाइव्ह धुक्यात जाईल.

मालवणी_वारा (६ नोव्हेंबर, सकाळी ८:२०)

आमच्या तारकर्लीला पण या एकदा. एमटीडीसीच्या केंद्रात आठ मीटर खोलीचा शिकायचा टँक आहे, अंदमानआधी तिथे सराव झाला तर फार चांगलं. समुद्रात पाणी तितकं स्वच्छ मिळेलच असं नाही, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी मतलय वारा असताना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे बऱ्यापैकी दिसतं.

पण एक विनंती, पुण्या-कोल्हापूरचे लोक हमखास करतात ती चूक करू नका. सकाळी मालवणात डाइव्ह, दुपारी मच्छीचं जेवण, संध्याकाळी गाडी काढून आंबोली घाट. आंबोली जवळजवळ ७०० मीटरवर आहे. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन विरघळलेला असतो, उंचीवर बाहेरचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे व्हायला मदत होते, विमानाचा जो नियम (डाइव्हनंतर लगेच उडायचं नाही) तोच ६०० मीटरच्या वरच्या घाटाला पण लागू धरावा. गगनबावड्याचा घाट पण सोडा. रात्री मालवणातच राहा, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघा.

अजून एक, तारखा ठरवताना कालनिर्णय बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाण्याला ओढ जास्त, गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटी) असतो, पाणी शांत. आमचे तांडेल जाळं टाकायला हे बघतात, शिकायच्या डाइव्हला पण तेच चांगलं.

तळाशी (६ नोव्हेंबर, सकाळी ९:००)

वारा, घाटाचं लिहिलंत ते सोन्यासारखं आहे, मी स्वतः विद्यार्थ्यांना विमानाचं सांगतो पण घाटाचं सांगायचं राहून जातं. आणि भांगाचं हॅवलॉकला पण खरं आहे, अष्टमीच्या दिवसांत नेमो रीफ या डाइव्हच्या जागी नवीन माणसाला फार सोपं जातं.

विमानाचं सांगून टाकतो. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८, आणि आम्ही सगळ्यांना २४ सांगतो. म्हणून हॅवलॉक आधी करा आणि पोर्ट ब्लेअर (नाव आता श्री विजय पुरम) शेवटी ठेवा. शेवटचा दिवस सेल्युलर जेलला द्या. सावरकरांची कोठडी, फाशीघर, सगळं शांतपणे बघायला पूर्ण दिवस लागतोच, आपल्याकडचे लोक तर तिथून पटकन निघूच शकत नाहीत, आणि तोवर अंगातला नायट्रोजनही निघून जातो.

अंदमान पूर्वेला असून घड्याळ आपलंच, त्यामुळे पहाटे पाचलाच फटफटतं आणि साडेपाचला संध्याकाळ. बोटी सकाळी लवकर सुटतात. रात्री नऊला झोपायची सवय जायच्या आठवडाभर आधीपासून लावा. आदल्या रात्री दारू नाही. पाणी भरपूर प्या, उन्हात आणि पाठीवरच्या सिलिंडरच्या कोरड्या हवेने माणूस खूप सुकतो.

कोथिंबीरवडी (६ नोव्हेंबर, रात्री १०:१५)

बोट लागणाऱ्यांसाठी: आलेपाक. आई गाडी लागू नये म्हणून द्यायची तोच. सकाळी रिकाम्या पोटी जाऊ नका आणि पुरीभाजी पण खाऊ नका, केळं आणि दोन टोस्ट पुरे. उलटीच्या गोळीने झोप येते त्यामुळे डॉक्टरला विचारल्याशिवाय डाइव्हच्या दिवशी घेऊ नये असं मला सांगितलं होतं. हॅवलॉकला एटीएमवर विसंबू नका, रोख बरोबर ठेवा.

पेठेतली (१२ डिसेंबर, रात्री ९:५०)

सगळ्यांचे किती आभार मानू. महिनाभराचा हिशोब देते.

कान तपासले. डाव्या बाजूला नाकाचा पडदा थोडा वाकडा आणि धुळीची ॲलर्जी, नाकात मारायचा स्प्रे दिलाय, रोज घेतेय. फिजिशियनने ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट करून फॉर्मवर सही केली. मैत्रिणीला पण हे सांगितलं. पोहणं आठ फेऱ्यांपर्यंत आलंय, शेवटच्या दोन पाठीवर.

आता तो पाण्याखाली श्वास घेण्याचा प्रश्न. आईकडे माळ्यावर आजीचं तांब्याचं घंगाळं होतं ते उतरवलं, घासून बाल्कनीत ठेवलं, पाणी भरलं आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) तोंडात धरून मास्क न लावता तोंड बुडवलं. कोणीतरी भाचीला सांगितलं होतं असं करायला. पहिल्यांदा तीन सेकंदात वर आले. नाकात पाणी जातंय असं वाटतं आणि छाती स्वतःहूनच बंद होते. दुसऱ्या दिवशी दहा सेकंद. मग तळाशी दादांचं चार आत, सात बाहेर मोजायला लागले. साधारण नवव्या-दहाव्या दिवशी लक्षात आलं की नाकाने श्वास घ्यायचा नाही हे घशातूनच ठरतं, नाकात पाणी असलं तरी ते तिथेच राहतं, पुढे येत नाही. आता तीन मिनिटं राहते. डोळे उघडले की घंगाळ्याच्या तळाचे ठोके दिसतात, एकेक, धूसर, आणि आपलाच श्वास नळीतून घर्र घर्र ऐकू येतो. मला ते चक्क आवडायला लागलंय.

तळाशी (१३ डिसेंबर, सकाळी ६:३०)

ताई, कोर्समध्ये लोक सगळ्यात जास्त अडतात ते मास्क काढून परत लावायच्या स्किलला, आणि तुम्ही ते घरीच अर्धं करून टाकलंत. घंगाळ्याची युक्ती मी आता सगळ्यांना सांगणार. टँकमध्ये गेलात की पुढची पायरी करा, मास्कमध्ये थोडं पाणी घ्या, वरची कड कपाळाला दाबा, किंचित वर बघा आणि नाकाने लांब फुंका. पाणी खालून निघून जातं.

हातवारे पण पाठ करा. अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, 'वर चला'. छानसाठी अंगठा आणि तर्जनीचं गोल. पंजा आडवा करून हलवला म्हणजे काहीतरी गडबड, मग कुठे ते बोटाने दाखवायचं. आपल्याकडे सगळ्यांना अंगठा दाखवायची सवय, खाली जाऊन मासा आवडला म्हणून अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर वर घेऊन येतो.

निळाई (१३ डिसेंबर, दुपारी १२:००)

ताई, सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घ्या, क्रीम पाण्यात उतरतं आणि त्यातल्या काही रसायनांनी प्रवाळाला त्रास होतो. २०१० साली पाणी तापून अंदमानातलं खूप प्रवाळ पांढरं पडलं होतं, जे उरलंय ते जपायला हवं. हात लावायचा नाही, उभं राहायचं नाही, फिन्स कुठे आपटतायत ते बघायचं. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा पण पिशवीत घालू नका, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

पेठेतली (२ मार्च, रात्री ११:१०)

आले परत. कार्ड मिळालं, दोघींना.

पहिल्या दिवशी उथळ पाण्यात सगळं नीट झालं, मास्क काढायच्या स्किलला तर मी भाचीच्या आधी झाले. दुसऱ्या दिवशी नेमो रीफला पहिली खरी डाइव्ह, आणि अडीच मीटरवर डावा कान अडला. मी पंजा हलवला, कानाकडे बोट दाखवलं. इन्स्ट्रक्टरने एक मीटर वर घेतलं, परत केलं, नाही. अजून थोडं वर, नाक धरून आवंढा, नाही. चार वेळा झालं. मग मला निळाईचं आठवलं आणि मी अंगठा वर केला. ती मुलगी (इन्स्ट्रक्टर २७ वर्षांची असेल) लगेच गोल दाखवून माझ्याबरोबर वर आली, वर आल्यावर म्हणाली छान केलंत, आज पुरे. भाचीची डाइव्ह दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर झाली. त्या संध्याकाळी मी थोडी रडले, नवऱ्याने शहाळं आणून दिलं.

आम्ही एक दिवस जादाचा ठेवला होता हे फार बरं झालं, सगळ्यांना सांगते, एक दिवस मोकळा ठेवाच. तिसऱ्या दिवशी सकाळपासूनच दर पाच मिनिटांनी आवंढे गिळत होते, दोरीला धरून पाय खाली सोडून इंच इंच उतरले, भाची समोर थांबून राहिली होती, आणि तीन मीटरच्या आसपास डाव्या कानात बारीक चीं असा आवाज येऊन टक् झालं. त्यानंतर बारा मीटरपर्यंत काहीच नाही, डॉक्टर म्हणाले होते अगदी तसंच.

मनगटात देवीचा लाल दोरा होता. बारा मीटरवर बघितलं तर तो लाल नव्हताच, मातकट करडा. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी जातो हे वाचलं होतं, पण स्वतःच्या हातातला दोरा ओळखू न येणं वेगळंच. इन्स्ट्रक्टरने टॉर्च मारला आणि तेवढाच तुकडा लालभडक झाला. समोर खडकाखाली गोबरा मासा बसलेला, मंडईत बर्फावर बघितलेला तोच, इथे डोळे फिरवून आमच्याकडे बघत होता, कल्ले हळू हळू हलत होते. मी किती वेळ त्याच्यासमोर तरंगत होते माहीत नाही. श्वास घेतला की जराशी वर, सोडला की जराशी खाली.

चौथी डाइव्ह लाइटहाउस नावाच्या जागी, १७ मीटर, ३८ मिनिटं. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, खालून बोटीची तळी आणि त्याभोवती ऊन. अंग मात्र गारठलं होतं, पाणी २८ अंश असलं तरी पाऊण तासात थंडी वाजते, बोटीवर कोरडं जाकीट हवंच. मग दोन दिवस कोरडे, जेल बघितला, घरी.

कानाचा_डॉक्टर (३ मार्च, सकाळी ८:००)

त्या दिवशी वर आलात म्हणून तिसऱ्या दिवशी उतरता आलं. कानाच्या पडद्याला सूज आली असती तर सगळी सहलच गेली असती. स्प्रे चालू ठेवायचा की नाही ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

नवा_गडी (३ मार्च, दुपारी ४:३०)

ताई, सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी साताऱ्याचा, एप्रिलमध्ये जातोय, माझा नंबर पण उणे चार आहे आणि पॉवरचा मास्क इकडे कुठे मिळेना. दमा लहानपणी होता, बाराव्या वर्षानंतर नाही. ते पण लिहायचं का?

तळाशी (३ मार्च, संध्याकाळी ६:१०)

लिहायचं. आणि छातीच्या डॉक्टरकडे जाऊन फुंकायची तपासणी करून रिपोर्ट बरोबर आणायचा. आजच अपॉइंटमेंट घ्या, एप्रिल लांब नाही. एप्रिलमध्ये समुद्र छान असतो, मेच्या उत्तरार्धात पाऊस यायच्या आत होईल.

पेठेतली (३ मार्च, रात्री ९:२०)

गड्या, माझा मास्क तुला देते. पुढची सहल डिसेंबरशिवाय नाही, तोवर कपाटातच पडून राहणार. चेहऱ्याला बसतो का ते आधी बघ, पट्टा न लावता, नाकाने श्वास ओढून. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी गळेल. पुण्याला येणार असशील तर व्यनि (खाजगी निरोप) कर, येऊन घेऊन जा, आणि घरी मोठं घंगाळं नसेल तर ते पण घेऊन जा.